स्वादुपिंडाचा कर्करोग पसरतो कसा? पेशीच्या मेढी-वाशांची हकीकत



आरोग्याच्या या पानावर आम्ही बहुतेक वेळा रोजच्या माहितीतले विषय घेतो. या खेपेला विषय जरा अवघड आहे, पण तो घ्यावासा वाटला याला कारण आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग हे नाव अलीकडे गावोगावी कानावर येऊ लागले आहे, आणि ज्या घरात तो निघतो त्या घरची माणसे बहुधा एकच वाक्य सांगतात, "कळलं तेव्हा सगळीकडं पसरलं होतं." हे पसरणे म्हणजे नेमके काय? एका जागची पेशी दुसऱ्या जागी जाते ती कशी जाते? तिला काय पाय असतात? हसू येईल, पण शास्त्रज्ञांचे उत्तर जवळपास 'होय, असतात' असेच आहे. त्या पायांची हकीकत आज सांगायची आहे.

वीतभर अवयव

स्वादुपिंड जठराच्या पाठीमागे, पाठीच्या कण्याला लागून आडवे असते. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही, आणि वजन १०० ग्रॅमच्या आतबाहेर. एवढ्याशा अवयवाकडे दोन मोठी खाती आहेत. एक, अन्न पचवणारा रस तयार करून नळीने लहान आतड्यात सोडणे. दुसरे, रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन तयार करणे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले ते याच अवयवातून. मधुमेही सभासदांना हे पिंड त्यामुळे नावाने तरी ओळखीचे आहे.

या अवयवाच्या कर्करोगापैकी शंभरात नव्वदच्या आसपास कर्करोग पाचक रस वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या अस्तरातून उठतात. २०२२ सालच्या जागतिक आकडेवारीप्रमाणे वर्षभरात सुमारे ५ लाख १० हजार लोकांना हा रोग झाला आणि सुमारे ४ लाख ६७ हजार लोक त्याने दगावले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत यातच सारे आले. आपल्या देशात युरोप-अमेरिकेच्या मानाने याचे प्रमाण कमी आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पण झाला तर इथेही तो तसाच वागतो. शंभर रोग्यांपैकी पंधरा ते वीस जणांचीच शस्त्रक्रिया होण्याजोगी स्थिती असते. बाकीच्यांत रोग आधीच शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना भिडलेला असतो, नाहीतर यकृतात, पोटाच्या आतल्या पडद्यावर किंवा फुप्फुसात जाऊन बसलेला असतो. यकृत बहुधा आधी सापडते, कारण स्वादुपिंडाकडून निघालेले रक्त पहिल्यांदा यकृतातच जाते. पाटाला पाणी सोडले की तोंडाजवळचा वाफा आधी भिजावा, तसे हे आहे.

वाडा नव्हे, कोपी

शाळेच्या पुस्तकात पेशीचे चित्र असते ते रसाने भरलेल्या पिशवीसारखे. प्रत्यक्षात ती नुसती पिशवी नाही. तिच्या आत प्रथिनांचा सांगाडा असतो. मेढी, वासे, दोऱ्या, सगळे काही. मात्र हा सांगाडा दगडी वाड्यासारखा एकदा बांधला की कायमचा, असा नाही. आपल्याकडे हंगामात ट्रॅक्टरच्या तोडणी टोळ्या येतात त्यांच्या कोप्या आठवा. बांबूच्या कांबी वाकवल्या, वर ताडपत्री टाकली, झाली कोपी. फड संपला की तेच बांबू उपसायचे आणि पुढच्या गावाला तीच कोपी पुन्हा उभी करायची. पेशीचा सांगाडा या जातीचा आहे. त्याचे सुटे भाग कायम तयार असतात, जोडले जातात, सुटतात, दुसरीकडे पुन्हा जोडले जातात.

त्यात मुख्य तीन प्रकार आहेत. पहिले ॲक्टिन. हंगेरीतील सेगेड येथे सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्राउब यांनी १९४२ साली, ऐन महायुद्धात, ते स्नायूंमधून वेगळे काढले. बैल गाडी ओढताना त्याचे स्नायू आखडतात ते ॲक्टिन आणि मायोसिन या जोडीच्या ओढाताणीमुळे. पुढे ध्यानात आले की ही जोडी केवळ स्नायूत नाही, शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत आहे. ॲक्टिनचे बारीक मणी एकाला एक लागून धागा होतो. जाडी म्हणाल तर एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातले ७ भाग. या धाग्याच्या एका टोकाला नवे मणी चढत असतात आणि दुसऱ्या टोकाचे गळत असतात. चढणारे टोक पेशीच्या आवरणाला आतून ढकलते आणि आवरण पुढे फुगते. पुढे आलेला भाग जमिनीला धरतो आणि मागचा भाग मायोसिन ओढून घेतो. पेशी एक पाऊल पुढे सरकली! पेशीला पाय असतात असे वर म्हटले ते हेच.

दुसरा प्रकार ट्यूब्युलिनच्या पोकळ नळ्यांचा. या नळ्या म्हणजे पेशीतले रस्ते. त्यांवरून माल वाहणारी प्रथिने गाड्यांसारखी ये-जा करतात. पेशीचे दोन तुकडे होताना गुणसूत्रांची वाटणीही याच नळ्या करतात. तिसरा प्रकार चऱ्हाटासारखा पीळदार, ताण सोसणारा. यातले केराटिन आपल्याला परके नाही, कारण केस, नखे, बैलाची शिंगे आणि खूर हे सारे केराटिनचेच प्रकार.

निरोगी नळीच्या अस्तरातल्या पेशी शेजारणीला घट्ट धरून, विटेला वीट लागावी तशा बसलेल्या असतात. केराटिनची चऱ्हाटे त्यांना ताण देऊन ठेवतात. त्यांनी फिरायला जाण्याचे कारणच नसते. कर्करोगात ही शिस्त मोडते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात शंभरात नव्वदहून जास्त रोग्यांत 'के-रास' नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि तो बिघाड पेशीला सतत 'वाढ, वाढ' असा हुकूम देत राहतो. त्यात आणखी बिघाडांची भर पडली की काही पेशी शेजारणीचा हात सोडतात, केराटिन कमी करतात आणि व्हायमेंटिन नावाचे भटक्या पेशींचे चऱ्हाट वापरू लागतात. अर्थात पसरण्याची ही एकच वाट आहे असे समजू नये. २०१५ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात हा वेशपालट घडवणारी जनुके काढून टाकली तरी रोग पसरलाच. शास्त्रज्ञांत यावर अजून वाद आहे, आणि आमच्या मते पेशी एकापेक्षा जास्त वाटा वापरत असावी असे मानणेच सध्या शहाणपणाचे.

फॅसिन नावाचे दावे

आता मुद्द्याचा भाग. स्वादुपिंडाच्या गाठीभोवती कठीण, तंतुमय असे एक वेष्टण तयार होते. तारका पेशी नावाच्या स्थानिक पेशी ते विणतात. त्यांच्या अंगी स्नायूसारखे ॲक्टिन येते आणि त्या भोवतालचा भाग आवळून धरतात. पुष्कळदा गाठीत कर्करोगाच्या पेशींपेक्षा हे वेष्टणच जास्त असते. चिबड रान वाळून टणक व्हावे तसा हा भाग. औषधही त्यातून आत नीट शिरत नाही. मग कर्करोगाची पेशी त्यातून बाहेर कशी पडते?

एकेकटा ॲक्टिनचा धागा लवचीक असतो. त्याने एवढी कठीण जागा फोडवत नाही. पण दहा-वीस काटक्या एकत्र दाव्याने आवळल्या की त्यांची मोळी मोडता मोडत नाही. ॲक्टिनच्या धाग्यांना असे आवळणारे प्रथिन म्हणजे फॅसिन. फॅसिनने आवळलेल्या धाग्यांतून पेशीला बोटांसारखे ताठ कोंभ फुटतात. त्या कोंभांनी पेशी चाचपडत वाट शोधते. काही कोंभ तर टोकाशी विरघळवणारी रसायने सोडून भोवतालच्या जाळ्याला भोकेच पाडतात.

निरोगी स्वादुपिंडाच्या नळीतील पेशींत फॅसिन जवळजवळ नसते. कर्करोगात ते दिसू लागते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे लॉरा मचेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली याची परीक्षा घेतली. स्वादुपिंडाचा कर्करोग होणारच अशा जातीचे उंदीर त्यांनी घेतले आणि त्यातल्या काहींत फॅसिनचे जनुकच राहू दिले नाही. फॅसिन नसलेल्या उंदरांत रोग उशिरा उठला, ते जास्त दिवस जगले आणि आतड्याच्या पडद्यावर रोग पसरण्याचे प्रमाण कमी झाले. माणसांच्या गाठी तपासल्या तेव्हाही फॅसिन जास्त असलेल्या रोग्यांची प्रकृती लवकर ढासळल्याचे दिसले. ज्या दाव्याने मोळी बांधली जाते ते दावेच काढले तर काय होते, ते या प्रयोगात स्वच्छ दिसते. फॅसिनला निकामी करणारे औषध माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेही आहे. पण उंदरात जमले म्हणजे माणसात जमेलच असे नाही, हे सभासदांनी ध्यानात ठेवावे. वर्तमानपत्रात 'कर्करोगावर रामबाण' असा मथळा दिसला की आम्ही आधी शोधतो की तो उंदीर होता की माणूस.

दुसरी एक वाट अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शोधली जात आहे. तिथल्या संशोधकांनी २०१९ साली मांडले की मोडतोड करण्याऐवजी पेशीतील मायोसिनचा एक प्रकार जादा चेतवला तर पेशीचा सांगाडा आखडून बसतो आणि तिला नीट चालता येत नाही. बैलाला दावणीला बांधण्याऐवजी जू इतके जड करायचे की त्याने पाऊलच टाकू नये, असा काहीसा हा विचार.

हे पसरणे केव्हा सुरू होते? याची दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. २०१० साली जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी या रोगाने मृत्यू पावलेल्या सात जणांच्या गाठी तपासून, जनुकांतल्या बदलांवरून हिशेब मांडला. पहिल्या बिघाडापासून खऱ्या कर्करोगाची मूळ पेशी तयार व्हायला किमान दहा वर्षे, आणि त्यापुढे पसरण्याची ताकद यायला किमान पाच वर्षे, असा तो हिशेब निघाला. म्हणजे रोग पकडायला पंधरा वर्षांची सवड असते! पण २०१२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उंदरांच्या स्वादुपिंडातील पेशींना चमकणारी खूण करून पाहिले, तेव्हा गाठ दिसण्याच्या आधीच काही पेशी रक्तात आणि यकृतात जाऊन पोचलेल्या आढळल्या. पहिले उत्तर धीर देते, दुसरे झोप उडवते. दोन्ही लक्षात ठेवावी लागतात.

नंदुरबारचे वाणी आणि सालीतले औषध

सांगाड्यावर घाव घालणारे एक औषध मात्र आज या रोगात प्रत्यक्ष वापरात आहे, आणि त्याचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातील एका संशोधन संस्थेत डॉ. मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या शेती खात्याचे वनस्पतितज्ज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली होती. तीतून वॉल आणि वाणी यांनी टॅक्सॉल वेगळे काढले आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. ते काम कसे करते याचा उलगडा न्यूयॉर्कमध्ये डॉ. सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ साली केला. टॅक्सॉल ट्यूब्युलिनच्या नळ्यांना असे घट्ट करते की त्या सुटतच नाहीत. कोपीचे बांबू सिमेंटमध्ये रोवले तर टोळीला पुढच्या गावाला हलता येईल काय? तशी ती पेशी अडकते, तिचे दोन तुकडे होणे थांबते आणि ती मरते.

सुरुवातीला सालीसाठी झाडेच्या झाडे तोडावी लागत. पुढे पानांतून मिळणाऱ्या घटकापासून औषध बनवण्याची रीत निघाली. आता यूच्या पेशी टाक्यांत वाढवूनही ते काढतात. डिस्टिलरी पाहिलेल्या सभासदांना ही कल्पना चटकन उमगेल. अमेरिकेत १९९२ साली ते अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. रक्तातील ॲल्ब्युमिन या प्रथिनाशी बांधलेला त्याचा नवा प्रकार पसरलेल्या स्वादुपिंड-कर्करोगाच्या ८६१ रोग्यांच्या चाचणीत पाहिला गेला आणि २०१३ साली निकाल आला. जुन्या औषधावर मध्यम आयुष्य ६.७ महिने होते, दोन्ही औषधे मिळून ८.५ महिने झाले. डॉ. वाणी २०२० साली वारले. पावणेदोन महिन्यांची कमाई कुणाला थोडी वाटेल. पण ज्या रोगात काहीच चालत नव्हते त्यात हे दोन महिनेही मोठ्या कष्टाने मिळाले आहेत.

इथे एक सूचना द्यायलाच हवी. ट्यूब्युलिनवर मारा करणारी विषे आपल्या बांधावरही आहेत. पावसाळ्यात कुंपणाला लाल-पिवळी फुले येणारी कळलावी. तिच्या कंदात कॉल्चिसिन असते, आणि ट्यूब्युलिनचा शोधच मुळी शिकागोत १९६७ साली कॉल्चिसिन कशाला चिकटते ते पाहताना लागला. अंगणातली सदाफुली, तिच्यातून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे निघाली. हे ऐकून कुणी सदाफुलीची पाने चावायला किंवा कळलावी उगाळून प्यायला लागेल तर जिवावर बेतेल. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत इथे केसाएवढे अंतर आहे. कळलावीच्या कंदाने माणसे दगावलेली आहेत.

कावीळ झाली तर

स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातून यकृताची पित्तनलिका जाते. तिथे गाठ झाली की नलिका आवळली जाते, पित्त मागे तुंबते आणि माणूस पिवळा पडतो. ताप नाही, पोट दुखत नाही, पण डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज आणि वजन उतरते. आपल्याकडे कावीळ म्हटली की झाडपाल्याचे औषध, पथ्य, नाकात थेंब, हे ठरलेले. पावसाळ्यातील दूषित पाण्याची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, आणि श्रेय झाडपाल्याला जाते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या अशा कावीळीत मात्र ते तीन-चार आठवडेच सगळ्यात महागात पडतात. वर सांगितलेल्या पेशींना नेमकी तेवढी सवड मिळते.

सवडीची किंमत आकड्यातच पाहा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, गाठ पूर्ण काढून टाकल्यावर चार औषधांची केमोथेरपी घेतलेल्या रोग्यांचे मध्यम आयुष्य ५४.४ महिने आले. रोग पसरल्यावरचा ८.५ महिन्यांचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा. या रोग्यांची निवड प्रकृती पाहून केलेली होती हे खरे, पण एवढा मोठा फरक केवळ निवडीने पडत नाही.

कावीळीशिवाय आणखी दोन खुणा. पन्नाशीनंतर घराण्यात कुणाला नसताना अचानक मधुमेह निघाला आणि त्याबरोबर वजनही घटू लागले, तर नुसती गोळी सुरू करून थांबू नये. आणि पोटातून पाठीत जाणारी, वाकून बसल्यावर जरा कमी होणारी दुखणी कंबरेची म्हणून सोडून देऊ नये.

कारणांपैकी आपल्या हातातले सर्वांत मोठे कारण तंबाखू. विडी-सिगारेट तर आहेच, पण चुन्याबरोबर मळून खाल्लेली तंबाखूही स्वादुपिंडाच्या कर्करोगास कारण होते असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदलेले आहे. तोंडाला होतो हे सर्वांना ठाऊक आहे, पोटात इतक्या खोलवर होतो हे फारसे कुणी सांगत नाही. दारूने वारंवार येणारी स्वादुपिंडाची सूज, लठ्ठपणा आणि जुना मधुमेह यांनीही धोका वाढतो. आणि साखर? आपण साखर करणारे, तेव्हा हा प्रश्न टाळता येणार नाही. साखर खाल्ल्याने हा कर्करोग थेट होतो असे सिद्ध झालेले नाही. पण अति गोड खाऊन वजन वाढले आणि मधुमेह जडला तर त्या वाटेने धोका येतो.

तपासणीबाबत इतकेच, की स्वादुपिंड खोल असल्याने साध्या सोनोग्राफीत गाठ कधीकधी दिसत नाही. डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला तर टाळाटाळ करू नये. शस्त्रक्रिया अवघड आहे, म्हणून ती वारंवार करणाऱ्या केंद्रातच करून घ्यावी. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचेच काम करते. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व केमोथेरपी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत येतात. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड, साखर तपासणीचे जुने कागद आणि गेल्या वर्षभरातल्या वजनाची नोंद असेल तर ती बरोबर न्यावी, आणि रुग्णालयात पोचल्याबरोबर आरोग्यमित्राला भेटावे.